बिडाच्या पंपाला एसएसची लाइन जोडताना फ्लँज तडकला: नक्की चुकलं कुठे?

बाणेर_पंपरूम

नमस्कार मंडळी. बाणेरला आमच्या सोसायटीत पाण्याचं काम मी बघतो, नोकरी सॉफ्टवेअरची आहे त्यामुळे पाइपातलं जे काही कळतं ते गेल्या चार महिन्यांत पंपरूममध्ये उभं राहून कळलेलं. अडचण अशी आहे की आमचा जुना जीआयचा (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचा) हेडर, म्हणजे पंपांचं पाणी ज्यात एकत्र येतं तो मोठा पाइप, आतून पार गंजला होता, पाणी लाल यायचं, म्हणून जनरल बॉडीत ठराव करून ४ इंची एसएस ३०४ चा (स्टेनलेस स्टीलचा) नवीन हेडर बनवून घेतला. पंप मात्र जुनेच ठेवले, दोन आहेत, दोन्ही बिडाचे (कास्ट आयर्नचे), चालायला एकदम ठणठणीत. सक्शनला खालच्या टाकीतून ११० मिमीची एचडीपीई (प्लास्टिकची) लाइन येते.

बसवायच्या दिवशी पहिला पंप जोडला गेला. दुसऱ्या पंपाच्या डिलिव्हरीला शेवटचा बोल्ट आवळताना टक करून आवाज आला आणि पंपाच्या फ्लँजला, म्हणजे पाइप बोल्टने जोडायच्या चकतीला, बोल्टच्या भोकापासून मानेपर्यंत तडा गेला. फॅब्रिकेटर म्हणतो प्लंबरने जास्त आवळलं, प्लंबर म्हणतो पंप जुना होता, आणि ज्या दुकानातून माल घेतला तिथले म्हणाले की दोन वेगळे धातू आहेत, त्यांच्यातून वीज जाऊ नये म्हणून इन्सुलेशन किट घालायलाच पाहिजे होतं. त्यात आता जो पहिला पंप नीट बसला असं वाटत होतं तोही टिपटिप गळतोय आणि सांध्याभोवती दोन महिन्यांत तांबूस गंजाचं कडं आलंय. लोक मला लिफ्टमध्ये अडवून विचारतायत. पंपाचं केसिंग (बाहेरचं बिडाचं कवच) नवीन मागवण्याआधी मला कारण समजून घ्यायचंय, नाहीतर नवीन केसिंगचंही तेच होणार.

निवृत्त_पाइपिंग

आधी तीन गोष्टी मोजून सांगा मग बोलू. एक, पंपाचा फ्लँज पूर्ण सपाट आहे का मधला भाग वर उचललेला आहे, आणि तसंच एसएसच्या फ्लँजचं. दोन, गॅसकेट (दोन फ्लँजच्या मधे गळती थांबवायला घालतात ती) कोणती घातलीय, बोल्टच्या आतली नुसती रिंग का फ्लँजच्या बाहेरच्या कडेपर्यंत जाणारी भोकं असलेली. तीन, दोन्ही फ्लँजचा पीसीडी, म्हणजे समोरासमोरच्या भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. धातूचं नंतर बघू.

भोसरीतला_फॅब्रिकेटर

मी याच धंद्यात आहे म्हणून सांगतो, दहातल्या नऊ ठिकाणी गिऱ्हाईक फोनवर "४ इंचाचा फ्लँज" एवढंच सांगतं. ४ इंचाचे फ्लँज किती प्रकारचे असतात ते ना गिऱ्हाईक सांगत ना दुकानदार विचारत. भोकं फिरवून ग्राइंडरने लांबट केली असतील तर तेही बघून सांगा.

बाणेर_पंपरूम

शेजारच्या काकांकडून व्हर्नियर आणून मोजलं. पंपाचा फ्लँज पूर्ण सपाट, बाहेरचा व्यास २२०, आठ भोकं, पीसीडी १८०. एसएसचा फ्लँज बाहेरून २२९, आठच भोकं, पीसीडी १९० च्या थोडा वर. एसएसला मधे उचललेला भाग आहे, उंची दीड मिलिमीटरच्या आसपास, व्यास १५७. गॅसकेट रिंग टाइप, काळं रबर. आणि भोसरीवाले दादा, तुम्ही म्हणालात तेच आहे, एसएसची सगळी भोकं आतल्या बाजूला लांबट केलेली आहेत, आणि बोल्ट बघितले तर दोनतीन चक्क तिरके बसलेत. मी रोज तिथे जातो पण हे आजवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

निवृत्त_पाइपिंग

झालं मग, कारण सापडलं. तुमच्या पंपाचा फ्लँज पीएन १६ चा (युरोपियन मापाचा) आहे आणि हेडरला लावलाय तो १५० क्लासचा (अमेरिकन मापाचा) एसओआरएफ, म्हणजे पाइपवर सरकवून वेल्ड करायचा, मधला भाग उचललेला. दोघांनाही बाजारात "४ इंच" म्हणतात. पीएन १६ चा पीसीडी १८०, १५० क्लासचा १९०.५, म्हणजे प्रत्येक भोकात सव्वापाच मिलिमीटरचा फरक. घोळ होतो तो अशामुळे की भोकं दोघांनाही आठच, समोर धरल्यावर नजरेला जुळतंय असंच वाटतं. ३ इंचाला तसा घोळ होत नाही कारण तिथे १५० क्लासला चार भोकं आणि पीएन १६ ला आठ, लगेच कळतं. ६ इंचाला गंमत वेगळी, १५० चा पीसीडी २४१.३ आणि पीएन १६ चा २४०, तिथे बहुतेक वेळा बसूनही जातं, आणि मग तोच माणूस "६ ला बसलं होतं, ४ ला पण बसेल" म्हणतो. आणि जुन्या पंपांवर टेबल ई (जुनं ब्रिटिश माप) पण दिसतो, ४ इंचाला त्याचा पीसीडी १७८, तो तर पीएन १६ च्या इतका जवळ की व्हर्नियर लावल्याशिवाय कळत नाही.

पण तडा भोकांमुळे गेलेला नाही, किंवा एकट्या भोकांमुळे नाही. तडा गेला त्या उचललेल्या भागामुळे. नीट डोळ्यासमोर आणा. बिडाचा फ्लँज सपाट. त्याच्यासमोर एसएसचा, मधे १५७ व्यासाची दीड मिलिमीटरची पायरी. गॅसकेट त्या पायरीवर. बोल्ट पायरीच्या बाहेर. बोल्ट आवळला की बिडाच्या फ्लँजची बाहेरची कड एसएसकडे ओढली जाते, मधे आधार आहे आणि कडेला पोकळी, म्हणजे ताटली वाकवल्यासारखं. स्टील असतं तर किंचित वाकलं असतं आणि आपल्याला कळलंही नसतं. बीड वाकत नाही, ते दाब कितीही घेईल पण ताण घेत नाही, सरळ तडकतं. आणि जिथे भोक आहे तिथे माल कमी, म्हणून तडा भोकापासून सुरू. तुमच्या प्लंबरने फार आवळलं असेलही, पण बिचाऱ्याने जेमतेम गळती थांबण्याएवढं आवळलं असतं तरी हे झालं असतं. त्याच्यावर सगळं ढकलू नका.

कोथरूड_सेक्रेटरी

काका, हे वाचून अंगावर काटा आला कारण आमच्याकडे गेल्या वर्षी फायर पंपाचं हेच झालं आणि आम्ही "पंप जुना होता" म्हणून फाइल बंद केली. मग बिडाला स्टील जोडायचंच नाही का? सगळीकडे तर तसंच जोडलेलं असतं.

निवृत्त_पाइपिंग

जोडायचं ताई, बिनधास्त जोडायचं. अमेरिकन मापात १२५ क्लासच्या बिडाच्या फ्लँजची भोकं १५० क्लासच्या स्टीलशी मुद्दाम जुळवलेलीच आहेत, २५० ची ३०० शी. फक्त स्टीलच्या फ्लँजची पायरी लेथवर फेसिंग करून काढून टाकायची, म्हणजे दोन्ही सपाट, आणि मधे पूर्ण चेहऱ्याची गॅसकेट घालायची, भोकं पाडलेली, बाहेरच्या कडेपर्यंत. मग बोल्टच्या खालीही आधार मिळतो आणि वाकायला जागाच उरत नाही. एकच गोष्ट लक्षात ठेवायची, पूर्ण गॅसकेटचं क्षेत्रफळ जास्त म्हणून ती दाबायला जोरही जास्त लागतो, तेव्हा कडक शीट नको, मऊ रबर घ्यावं. पाण्याला ३ मिमी ईपीडीएम रबर उत्तम.

रिंग गॅसकेट घालायचीच वेळ आली तर बिडाला कमी ताकदीचे साधे बोल्ट वापरायचे असा जुना नियम आहे, त्यामागचा विचार हाच की बोल्ट आधी ताणला जावा, फ्लँज फुटू नये. आपल्याकडे उलट करतात, गळतंय म्हणून ८.८ चा (जास्त ताकदीचा) बोल्ट आणून लांब पाना लावतात.

डीआय (डक्टाइल आयर्न) मात्र वेगळं. हल्ली महापालिकेच्या मोठ्या लाइन डीआयच्या असतात, ते थोडं वाकतं, एवढं ठिसूळ नाही. बाहेरून बीड आणि डीआय सारखेच दिसतात, कास्टिंगवर काय उठवलंय ते वाचावं.

भोसरीतला_फॅब्रिकेटर

काकांना +१. बाणेरवाले, आता तुम्ही आहे तोच एसओआरएफ लेथवर लावून पायरी काढली तरी भोकांचा प्रश्न राहतोच. लांबट भोकात वॉशरला बूड राहत नाही आणि लांबवलेलं भोक गॅसकेटच्या जागेत घुसतं. ते फ्लँज काढून टाका. १६ मिमीच्या एसएस प्लेटचा सपाट फ्लँज पीएन १६ च्या ड्रिलिंगने कापून घ्या, भोसरीत लेझरवाले आणि वॉटरजेटवाले गल्लोगल्ली आहेत, ड्रॉइंग दिलं की होतं. वेल्डिंग झाल्यावर मात्र फेस लेथवर एकदा मारून घ्या. वेल्डिंगने प्लेट बशीसारखी होते, आणि बशी झालेला सपाट फ्लँज म्हणजे परत तीच पायरी.

नाहीतर अजून स्वस्त उपाय, एसएसची कॉलर पाइपला वेल्ड करायची आणि मागे एमएसचा (साध्या स्टीलचा) लूज फ्लँज पीएन १६ चा. लूज फ्लँज फिरतो म्हणून भोकं जुळवायचा त्रासच नाही आणि एसएस पण कमी लागतं.

निवृत्त_पाइपिंग

कॉलर आणि लूज फ्लँज एसएस ला एसएस किंवा एसएस ला एमएस साठी फार छान, मी आयुष्यभर वापरलं. पण बिडासमोर नको. कॉलर बोल्टच्या आतच संपते, म्हणजे बिडाच्या दृष्टीने ती पायरीच झाली, बाहेर परत पोकळी. हेडरच्या बाकीच्या सांध्यांना लावा, पंपाच्या तोंडाला नाही.

भोसरीतला_फॅब्रिकेटर

बरोबर आहे काका, हा विचार केला नव्हता मी. पंपाला सपाट प्लेटच.

गंज_अभ्यासक

मेकॅनिकल बाजू काकांनी पूर्ण केली, आता ते तांबूस कडं आणि दुकानदाराचं इन्सुलेशन किट याबद्दल लिहितो कारण या विषयावर खूप अर्धवट ऐकायला मिळतं.

दोन वेगळे धातू एकमेकांना धातूने जोडलेले आणि दोघांनाही एकच पाणी लागलेलं, असं झालं की बॅटरी तयार होते. कमी प्रतीचा धातू, इथे बीड, झिजतो आणि वरचा, इथे एसएस, सुरक्षित राहतो. यात चार गोष्टी लागतात, दोन धातू, पाणी, आणि धातूचा जोड. एक काढा, थांबतं. पण किती वेगाने झिजणार ते ठरतं तीन गोष्टींवर, पाण्यात क्षार किती, प्राणवायू किती, आणि कोणाचा पृष्ठभाग किती मोठा.

पृष्ठभागाचं सगळ्यात महत्त्वाचं. मोठ्या बिडाच्या केसिंगला एसएसचा एक बोल्ट, काही होत नाही, वर्षानुवर्षं टिकतं. उलट मोठ्या एसएसच्या हेडरला एमएसचा छोटा निपल लावला तर तो निपल सगळ्या हेडरचा भार एकटा सोसतो आणि लवकर भोक पडतं. सोसायट्यांमध्ये प्रेशर गेजचे आणि ड्रेनचे जीआय निपल एसएस हेडरवर वेल्ड केलेले किंवा आट्यात बसवलेले असतात, बाणेरवाल्यांनी आजच ते बघावेत. मला तर पंपापेक्षा त्या निपलांची काळजी वाटते.

क्षारांचं म्हणाल तर खडकवासल्याकडून येणारं पाणी मऊ, क्षार कमी, त्यामुळे हा परिणाम सांध्यापासून फार लांब पोचत नाही, काही सेंटिमीटरमध्येच राहतो. बोअरचं पाणी मिसळलं की क्षार वाढतात आणि पोच लांबते. तुमच्याकडे टँकर किंवा बोअर आहे का? दोन महिन्यांत दिसलेलं कडं मात्र मला आतल्या झिजेचं वाटत नाही. ते गळणारं पाणी बाहेर बिडावर सुकून आलेला साधा गंज आहे. आतली झीज इतक्या लवकर बाहेर दिसत नाही.

आणि बिडाची अजून एक खोड आहे. ते झिजतं तेव्हा लोखंड निघून जातं आणि आतलं ग्रॅफाइट तसंच राहतं, वरून आकार अगदी शाबूत दिसतो. जुन्या केसिंगचं तोंड उघडलं आहे तर चाकूने किंवा स्क्रूड्रायव्हरने खरवडून बघा, पेन्सिलीसारखं मऊ काळं निघालं तर तो भाग गेलेला आहे असं धरा.

बाणेर_पंपरूम

किती मनापासून लिहिताय सगळे, खरंच आभार. बोअर आहे आमच्याकडे, एप्रिल मे मध्ये टँकरही असतात. जीआयचे निपल बघितले, तीन आहेत, त्यातल्या एकाच्या मुळाशी ओल आहे. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

मग किट घ्यायचं का नाही? दुकानदार म्हणतो रबराची गॅसकेट आहे म्हणजे इन्सुलेशन झालंच आहे.

गंज_अभ्यासक

नाही झालं. गॅसकेट रबराची असली तरी आठ बोल्ट दोन्ही फ्लँजना भिडलेले आहेत, वीज बोल्टातून जाते. म्हणून किटमध्ये गॅसकेटबरोबर प्रत्येक बोल्टाला नळी आणि दोन्ही बाजूंना इन्सुलेटिंग वॉशर असतात, त्यावर स्टीलचा वॉशर. आठातला एक बोल्ट जरी उघडा राहिला तरी बाकी सात घालून उपयोग शून्य. आणि तुमच्यासारख्या तिरक्या बोल्टात ती नळी आवळतानाच कापली जाते. १८ च्या भोकात १६ चा बोल्ट, म्हणजे नळीला सगळीकडून जेमतेम एक मिलिमीटर, भोकं समोरासमोर नसतील तर जागाच नाही.

पण याहून मोठी गोष्ट. तुमच्या पंपाची मोटर अर्थिंगला जोडलेली आहे. हेडर एमएसच्या स्टँडवर क्लँपने बसलेला आहे, स्टँड जमिनीत, कदाचित त्याच अर्थिंगच्या पट्टीला. मग सांध्यात किट घातलं तरी वीज स्टँडवरून फिरून येतेच. किट उपयोगी पडावं असं वाटत असेल तर हेडर क्लँपखाली रबर घालून स्टँडपासून वेगळा करावा लागेल. मोटरची अर्थिंग मात्र कोणीही, कोणत्याही कारणाने, काढू नका. हे मुद्दाम सांगतोय कारण गंज थांबवायच्या नादात अर्थिंग तोडलेली मी प्रत्यक्ष बघितली आहे आणि तिथे माणसं ओल्या फरशीवर अनवाणी वावरत होती.

गॅसच्या किंवा तेलाच्या जमिनीखालच्या लाइनला किट आणि इन्सुलेटिंग जॉइंट हवेतच, तिथे कॅथोडिक प्रोटेक्शन (विजेच्या प्रवाहाने पाइपाचा गंज रोखायची पद्धत) असतं, सगळा हिशोब त्यावर चालतो. पंपरूममध्ये मी किटपेक्षा रबरी बेलो (दोन फ्लँजमधला लवचीक रबरी तुकडा) सुचवीन. दोन्ही बाजूंचे बोल्ट वेगवेगळे, मधे रबर, वीज आपोआप तुटते, पंपाची थरथर हेडरला जात नाही, आणि सांध्यावरचा ओढाही कमी होतो. फक्त त्याला कंट्रोल रॉड (बेलो जास्त ताणू नये म्हणून लावतात त्या सळ्या) लावणार असाल तर त्या रॉडला नळी आणि वॉशर घाला, नाहीतर रॉडमधून परत जोड.

अजून एक, रंग. लोक बिडाला आतून इपॉक्सी मारतात आणि एसएसला तसंच सोडतात. उलटं आहे. रंगाला एखादी टाचणीएवढी चीर राहतेच, मग सगळ्या एसएसचा मारा त्या एका चिरेवर. रंगवायचंच तर एसएस आधी, किंवा दोन्ही.

लेथवाला_चिंचवड

मापं मिळाली तर फेसिंगचं काम तासाभराचं आहे. फक्त एक विनंती सगळ्यांना, फेस आरशासारखा गुळगुळीत करून मागू नका. बारीक रेघा राहू द्या, गॅसकेट त्यात धरते. आमच्याकडे लोक पॉलिश करून घ्यायला येतात आणि मग गळतं म्हणून परत येतात.

कुरकुंभ_शिफ्ट_बी

आमच्याकडे केमिकल प्लांटमध्ये एफआरपी (फायबरग्लास), सीपीव्हीसी, रबर लायनिंगचं एमएस, पीटीएफई लायनिंग असे सगळे प्रकार एका पाइपरॅकवर असतात त्यामुळे थोडं लिहितो. बिडाबद्दल काकांनी जे लिहिलं तेच एफआरपी आणि प्लास्टिकच्या फ्लँजला दुप्पट लागू आहे. समोरचा व्हॉल्व्ह मेटलचा आणि पायरीवाला असेल आणि लेथवर घालता येत नसेल, तर पायरीच्या बाहेरच्या पोकळीत तेवढ्याच जाडीची रिंग भरायची आणि मग पूर्ण गॅसकेट. मऊ रबर, शोअर ए ६० च्या आसपास, ३ मिमी. प्रत्येक नटबोल्टाखाली मोठा वॉशर. आणि पाना हाताच्या अंदाजाने नाही, टॉर्क रेंचने. प्लास्टिकच्या फ्लँजचे आकडे स्टीलची सवय असलेल्या माणसाला इतके कमी वाटतात की तो चार्टवर विश्वासच ठेवत नाही. आमच्या ४ इंची पीव्हीसी फ्लँजच्या चार्टवर २५ फूट-पाउंड लिहिलंय, म्हणजे ३४ न्यूटन-मीटर, नवीन फिटर तो आकडा वाचून हटकून विचारतो, एवढंच?

आवळायचा क्रम तर सगळ्यांना माहितीच आहे पण घाईत कोणी पाळत नाही, समोरासमोरचे बोल्ट आलटून पालटून, आधी ३० टक्के, मग ६०, मग १००, मग एक गोल फेरी. एका बाजूचे चार आधी घट्ट केले की फ्लँज कलतो आणि मग दुसऱ्या बाजूने कितीही ओढा. दुसऱ्या दिवशी लाइन थंड आणि बिनदाबाची असताना परत एकदा बघायचं, रबर आणि प्लास्टिक रात्रभरात बसतं. गरम लाइनवर किंवा दाब असताना आवळायला जाऊ नये, आमच्याकडे त्याला परमिटच मिळत नाही.

आणि व्हॉल्व्हचं वजन प्लास्टिकच्या फ्लँजवर लटकवू नका, व्हॉल्व्हला स्वतःचा आधार द्या.

बारामती_बॉयलर

साखर कारखान्यात स्टीमवर असतो. आमच्याकडे एमएस आणि एसएस सरळ जोडतो, कोरड्या वाफेत पाणीच नाही त्यामुळे गंज_अभ्यासक म्हणतात ती बॅटरी होत नाही. आमचा त्रास फुगण्याचा. एसएस ३०४ मीटरला अंशामागे १७ मायक्रॉन फुगतं, एमएस १२. दोन्ही फ्लँज एसएसचे आणि स्टड बी ७ चे (एमएसएवढंच फुगणाऱ्या स्टीलचे), पकड (दोन नटांमधली जाडी) ५० मिमी, तापमान १५० अंशांनी वाढलं तर फरक ०.०४ मिमीच्या आसपास. आकडा एवढासाच, पण आधीच ताणलेल्या स्टडला तो भारी पडतो, गॅसकेट जास्त चेपते, आणि सीझन संपून लाइन थंड झाली की तोच सांधा सैल. एकच फ्लँज एसएस असेल तर निम्मा फरक. पाण्यावाल्यांना हे लागू नाही, पण सोलरच्या गरम लाइनला एवढं सांगतो की तांब्याच्या पुढे, प्रवाहाच्या दिशेने, जीआय लावू नका. पाण्याबरोबर तांब्याचे कण जातात आणि जीआयवर बसून खड्डे पाडतात. जीआय आधी आणि तांबं नंतर चालतं.

बाणेर_पंपरूम

सोलरची लाइन आमच्या कामात नव्हती पण तीही बघून येतो. आता सक्शनच्या एचडीपीईबद्दल विचारतो. तिथे बटरफ्लाय व्हॉल्व्ह (आत फिरणारी चकती असलेला) आहे, पंपाच्या आधी, आणि तो पूर्ण उघडतच नाही, अर्ध्याच्या थोडं पुढे जाऊन अडतो. प्लंबर म्हणाला व्हॉल्व्ह खराब, बदलला, नवीनही तसाच अडतोय.

भोसरीतला_फॅब्रिकेटर

व्हॉल्व्ह चांगला आहे, दोन्हीही चांगले होते. ११० चा पाइप एसडीआर ११ (व्यास भिंतीच्या अकरा पट) असेल तर भिंत १० मिमी, आत उरतात ९०. ४ इंची बटरफ्लायची चकती उघडताना व्हॉल्व्हच्या तोंडाबाहेर येते आणि तिथे तिला जवळजवळ तेवढीच जागा लागते. ती स्टब एंडच्या (एचडीपीई पाइपच्या टोकाला जोडलेल्या कॉलरच्या) कडेला टेकतेय. स्टब एंड आतून तिरका कापून घ्या, किंवा मधे स्पेसर घाला. जोर लावून उघडू नका, चकतीची कड खराब झाली की मग खरंच गळेल.

आणि रबर सीटच्या वेफर व्हॉल्व्हला वेगळी गॅसकेट लागत नाही, सीटच गॅसकेट असते. बोल्ट आवळताना चकती थोडी उघडी ठेवायची, पूर्ण बंद ठेवून आवळलं की सीट चकतीवर चेपते.

निवृत्त_पाइपिंग

एचडीपीईच्या मागची बॅकअप रिंग एमएसची असेल तर तिला दर वर्षी रंग द्या, पंपरूमच्या ओलीत ती सगळ्यात आधी जाते आणि तिच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. आणि एचडीपीई फुगते फार. २० मीटर सरळ लाइन, उन्हाने २० अंशांचा फरक, तर ६ ते ८ सेंटिमीटर. तुमची लाइन जमिनीखाली असेल तर चिंता नाही, पण उघड्यावरून भिंतीने येत असेल तर हा सगळा धक्का पंपाच्या बिडाच्या फ्लँजवर येतोय. लाइन पंपाआधी एका ठिकाणी पक्की धरा.

बाणेर_पंपरूम

उघड्यावरून येते काका. पार्किंगच्या भिंतीने, पश्चिमेची बाजू, दुपारभर ऊन. साधारण १२ मीटर.

कोथरूड_सेक्रेटरी

मी आज आमच्या फायर पंपाचा फ्लँज बघून आले, पायरीच आहे आणि रिंग गॅसकेट. नवीन केसिंग बसवलेलं आहे, अजून फुटलेलं नाही. ताबडतोब काढून फेसिंग करून घेऊ का तसंच राहू देऊ?

निवृत्त_पाइपिंग

ताई, फायर पंप आहे, ज्या दिवशी लागेल त्या दिवशी पूर्ण दाबाने चालणार. काढा आणि करून घ्या. तेवढा वेळ दुसरा पंप चालू ठेवा आणि तुमच्या फायर एजन्सीला लेखी कळवून मगच हात लावा.

बाणेर_पंपरूम

तीन आठवड्यांनी लिहितोय, काम झालं म्हणून सविस्तर सांगतो.

जुन्या केसिंगचं तोंड खरवडून बघितलं, मऊ काळं काही निघालं नाही, माल चांगला होता, म्हणजे पंप "जुना होता" हे कारण खोटं ठरलं. नवीन केसिंग आलं. एसएसचे दोन सपाट फ्लँज १६ मिमी प्लेटचे पीएन १६ च्या मापाने भोसरीत कापून घेतले, वेल्डिंगनंतर चिंचवडला फेसिंग केलं. लेथवर लावल्यावर दिसलं की वेल्डिंगने प्लेट खरंच बशी झाली होती, एका फ्लँजची कड पाऊण मिलिमीटर मागे होती. ते बघेपर्यंत माझा पूर्ण विश्वास बसला नव्हता, हे मोकळेपणाने सांगतो. दोन्ही पंपांना डिलिव्हरीला रबरी बेलो, हेडरच्या क्लँपखाली रबर, अर्थिंगला हात लावलेला नाही. लाइन भरायच्या आधी, मोटरची जोडणी सुटी असताना मल्टिमीटरने पंप आणि हेडर यांच्यात बघितलं, जोड तुटलेला आहे. जीआयचे तीनही निपल काढून एसएसचे लावले, एकाची आतली भिंत नखाएवढी पातळ राहिली होती, गेजसकट हातात आला.

फॅब्रिकेटरला हे सगळं दाखवलं. तो शांतपणे ऐकून गेला आणि दुसऱ्या दिवशी दोन सपाट फ्लँजचे वेल्डिंगचे पैसे घेतले नाहीत. प्लंबरला मी स्वतः जाऊन सांगितलं की त्याची चूक नव्हती, कारण मीटिंगमध्ये त्याचं नाव घेतलं गेलं होतं आणि ते मिनिट्समध्येही आलं होतं. पुढच्या मीटिंगला ती दुरुस्ती लिहून घेणार आहे.

बटरफ्लायचा स्टब एंड आतून तिरका कापला, व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो. सक्शन लाइन पंपाच्या आधी भिंतीला पक्की धरली आणि कोपऱ्यावर एक वळण मोकळं ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टॉर्क रेंचने परत फेरी मारली, आठपैकी तीन नट जरा फिरले.

आता चौदा दिवस झाले, खाली कोरडं आहे.

गंज_अभ्यासक

छान वाटलं वाचून. मल्टिमीटरचं रीडिंग लाइन भरल्यावर परत घेतलंत तर वेगळं दिसेल, पाण्यातूनही थोडी वीज जाते, तेव्हा किट किंवा बेलो खराब झाला असं समजू नका. एप्रिलमध्ये टँकर सुरू झाले की पाण्याचा टीडीएस एकदा मोजून इथे टाका, बेलोच्या पुढचा एसएसचा तुकडा सहा महिन्यांनी उघडून बघायचा का नाही ते त्यावर ठरवू.

बाणेर_पंपरूम

नक्की. टीडीएस मीटर मागवलाय.